फुलीमागचं पाणी

माझा थोरला भाऊ पाण्यात गेला नाही. मासेमार होता म्हटलं की लोक लगेच चेहरा पाडतात आणि विचारतात, वादळ होतं का? वादळ नव्हतं. केस कापायच्या दुकानात, खुर्चीत, अर्धी दाढी झालेली असताना हृदय बंद पडलं. दुकानदार बिचारा हातात वस्तरा घेऊन त्याच्या दारात आला होता. त्याला बारा वर्षं झाली. मागे राहिली त्याची होडी आणि त्याची बायको. मुलगी होती, ती लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेली. मला त्या बायकोबद्दल लिहायचं आहे.

मी तिला वहिनी म्हणते, खरं तर ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे. ती मला वन्सं म्हणते. मी छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि तिच्याकडे राहायला आले. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे मोरी. मोरीतल्या खिळ्यांवर टॉवेल कमी आणि दोर जास्त. स्वयंपाकघरातल्या फळीवर चहाचा डबा, साखरेचा डबा आणि त्यांच्या रांगेत गळांचा डबा. पहिल्या आठवड्यात मी साखर समजून त्यात चमचा घातला. वहिनी हसली नाही, रागावलीही नाही. डब्याला लाल फडकं बांधलं आणि निघून गेली.

अशी ती आहे. बोलणं कमी. तिच्या तोंडून एखादी गोष्ट काढून घ्यायची तर माझ्यासारख्या मास्तरणीच्याही नाकी नऊ येतात.

आमच्या घरामागचा रस्ता धक्क्यावर जातो. धक्क्यापुढे खाडी आणि खाडीच्या दोन्ही अंगांना, नजर पोचेल तिथवर, खारं गवत. त्या गवतातून खाडीचे फाटे गेलेले आहेत, लहानमोठे मिळून शंभर तरी असतील. भरतीला सगळीकडे पाणी, ओहोटीला सगळीकडे चिखल. साधा चिखल नाही, कमरेपर्यंत माणूस गिळणारा. त्यातून चालत कोणी येत नाही आणि चालत कोणी जात नाही. होडी चिखलावर बसली की पुढची भरती येईपर्यंत तिथेच. कुठल्या फाट्यात किती वेळ पाणी राहतं, हे ज्याला कळतं तो दुपारी घरी जेवतो. बाकीचे होडीत बसून गवत मोजतात.

वहिनीचं काम ओहोटीचं. पाणी उतरायला लागलं की गवतात शिरलेला मासा फाट्याच्या तोंडातून बाहेर पडतो. तिथे होडी आडवी लावायची, जिवंत कोळंबी गळाला लावायची आणि दोर तर्जनीवर धरून बसायचं. सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा ती बोटावर चढवते, दोर कापू नये म्हणून. मग अर्धा तास, पाऊण तास हालचाल नाही. मी एकदा शेजारी बसून पाहिलं, मला दहाव्या मिनिटाला खोकला आला. पुन्हा नेलं नाही तिने बरेच दिवस.

आता खुणांचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं प्रकरण त्यावरच आहे.

फाटे दरवर्षी बदलतात. गाळ एकीकडून उठतो, दुसरीकडे बसतो. म्हणून ज्याला वाट सापडते तो चिखलात काठी रोवतो आणि चिंधी बांधतो. उभी काठी म्हणजे इकडून या, पाणी आहे. दोन काठ्यांची फुली म्हणजे येऊ नका, खाली कालवं आहेत. कालवांची शिंपली होडीचा तळ सुरीसारखी चिरतात. या खुणा सरकार लावत नाही, लावतात मासेमारच. ज्याची खूण त्याने राखायची, कुजली की बदलायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि कोणाची खूण आहे हे कळतं ते गाठीवरून. प्रत्येकाची बांधायची रीत वेगळी. माझ्या थोरल्या भावाची गाठ म्हणजे दोराचे तीन वेढे आणि एक टोक परत उलटं आत खुपसलेलं. त्याच्या गाठीला सगळ्या धक्क्यावर मान होता. तो हयात असेपर्यंत त्याची एकही खूण चुकली नव्हती. धुक्यातही लोक त्याची काठी हाताने चाचपायचे आणि होडी बिनधास्त पुढे घालायचे. ही गाठ त्याच्याशिवाय फक्त वहिनीला येते. काठ्या धरायला तीच असायची. आमचा धाकटा भाऊही मासेमार आहे, पण तो डावखुरा. त्याने खूप प्रयत्न केला, त्याची गाठ उलटीच बसायची.

थोरला गेल्यावर वहिनीने त्याच्या खुणा राखल्या. कुजलेली काठी काढायची, नवी रोवायची, गाठ तीच. धक्क्यावर सगळे म्हणायचे, बाई असावी तर अशी.

चार वर्षांपूर्वी, माझा गुडघा बरा होता तेव्हा, तिने मला होडीत घेतलं. धक्क्यापासून अर्ध्या तासावर एक अरुंद फाटा आहे. मागच्या सगळ्या दलदलीतून धक्क्यावर यायची ती सर्वांत जवळची वाट झाली असती, पण तिच्या तोंडाशी फुली. फुलीची एक काठी वाकली होती. वहिनीने ती उपसली आणि नवी दाबली. ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. आता मी भूगोलाची बाई. कालवांच्या थरावर काठी रुतत नाही, खडखडते, एवढं मला कळतं.

"वहिनी, इथे कालवं आहेत ना?"

"वन्सं, तिकडे बगळे बघा. छान दिसतात."

मी बगळे बघितले. खरंच छान दिसत होते. आणि त्यानंतर मी तो विषय काढला नाही. घरात मासा चांगला येत होता, इतरांपेक्षा मोठा येत होता, आणि मला खायला आवडतो. एवढं प्रामाणिकपणे लिहून पुढे जाते.

मी धक्क्यावरच्या मासेमार सोसायटीचं लिहायचं काम बघते. पत्र्याच्या छपराची एक खोली, एक टेबल ज्याचा खालचा खण कधीच उघडत नाही, पाणी तापवायची विजेची किटली, भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता आणि फोन. गेल्या वर्षीची गोष्ट. त्या दिवशी सकाळपासून जमिनीकडचा वारा सुटला होता. टेबलावर धूळ, भिंतीवरचा तक्ता फडफडतोय. असल्या वाऱ्यात मासा धड लागत नाही म्हणून वहिनी गेली नव्हती, सोसायटीच्या दारात बसून दोर विंचरत होती. साडेअकराला फोन वाजला. मला कमी ऐकू येतं, त्यामुळे मी स्पीकर लावते.

"ताई, पाकटाने मारलं." धाकट्याचा आवाज. पाकट म्हणजे तो चपटा, पंख्यासारखा मासा. शेपटीला विषारी काटा असतो.

"कुठे?"

"घोट्याच्या वर. होडी ढकलायला उतरलो आणि बरोब्बर त्याच्या पाठीवर पाय दिला. आई गं... गरम पाणी ठेव. सोसवेल तितकं कढत. नर्सबाईंना बोलाव."

"किती वेळात येतोस?"

"पाऊण तास. लांबच्या फाट्याने येतोय."

"अरे, मग जवळून ये ना!"

"जवळ दादाची फुली आहे. वेडी आहेस का तू?"

मी वहिनीकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली होती. तिने तक्त्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. ओहोटी एक वाजून दहा मिनिटांनी. लांबच्या फाट्यातल्या उथळ भागात त्याआधी तासभरापर्यंत होडी जाईल इतकं पाणी असतं. ओठ हलले तिचे, हिशेब करत होती.

"पुरेल त्यांना पाणी," ती म्हणाली. फोनला नाही, तक्त्याला.

तेवढ्यात फोन बंद झाला.

तिने घड्याळ धरलं, वारा धरला नाही. जमिनीकडचा वारा पाण्याला समुद्राकडे रेटतो, ओहोटी तक्त्याच्या आधीच खाली जाते. हे तिला माहीत नाही असं नाही, मलाच तिने शिकवलं आहे. पण त्या घटकेला सुचलं नाही. बाराला पाच कमी असताना पुन्हा फोन आला.

"बसलो," धाकटा म्हणाला. एवढंच.

त्यानंतर साडेतीन तास. दोन होड्या गेल्या, शंभर हातांवरून परत आल्या, मध्ये चिखल. छप्पर नसलेल्या होडीत, डोक्यावर ऊन, पाय सुजून भोपळा. नर्सबाई फोनवरून त्याला सांगत होत्या, पाणी प्या, पाय हलवू नका, झोपू नका. वहिनी किटलीपाशी. पाणी उकळायची, ते निवायचं, ओतून द्यायची, पुन्हा भरायची. मी म्हटलं, "अगं, तो आल्यावर लाव." तिने ऐकलं नाही.

तीन वाजून गेल्यावर पाणी चढलं आणि त्याला आणलं. पाय निळा पडला होता. दवाखान्यातून मोठ्या दवाखान्यात नेलं. जखम चिघळली, पोटरीतला मांसाचा एक तुकडा काढावा लागला. पाय वाचला. एकवीस दिवस तो तिथे होता, आणि आता थोडा लंगडतो, थंडीत जास्त.

यातलं कोणी काही बोललं नसतं. मासेमाराला पाकट मारतं, होडी चिखलात बसते, होतं असं. पण नवव्या दिवशी इंजिनवाला बोलला.

इंजिनवाला म्हणजे धक्क्यावरचा मोटार दुरुस्त करणारा. तोंडाने अखंड चालू, त्याचं इंजिन मात्र बंद पडतं. कोणाचीतरी मोटार दुरुस्त करून तपासायला म्हणून ओहोटीत निघाला, ती फुलीच्या समोर मेली आणि वाऱ्याने होडी त्या फाट्यात लोटली.

"मी डोळे मिटले!" तो सोसायटीच्या खोलीत सगळ्यांना सांगत होता. "म्हटलं, आता तळ गेला, नवी होडी भरून द्यावी लागणार, बायको घराबाहेर काढणार. काही नाही! खरखर नाही, टकटक नाही. बांबू घातला, कमरेइतकं पाणी. भर ओहोटीत! आणि पुढे वळणावर, गवताच्या मागे, डोह. माझा बारा फुटी बांबू बुडाला, अहो, हात बुडाला कोपरापर्यंत!"

"कालवं?" चेअरमननी विचारलं. आमच्या सोसायटीचे चेअरमन ऐंशीचे आहेत, प्रश्न एका शब्दात विचारतात.

"एक नाही! शपथेवर सांगतो, एक शिंपलं नाही."

मग खोलीत जे झालं ते मला आवडलं नाही. एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला. एकजण म्हणाला, "म्हणजे थोरल्याने..." दुसरा म्हणाला, "म्हणूनच त्याला नेहमी मोठा मासा." तिसरा म्हणाला, "आणि आम्ही त्याच्या गाठीवर डोळे मिटून चालत होतो." इंजिनवाला म्हणाला, "वहिनी बिचारी. नवऱ्याची खूण म्हणून इतकी वर्षं राखत बसली. तिला काय ठाऊक!"

थोरल्याच्या बाकीच्या सहा खुणा होत्या. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यातल्या दोन उपटून फेकल्या. त्या खऱ्या होत्या.

मी दवाखान्यात गेले तेव्हा धाकट्याला बातमी पोचलेली होती. तो छताकडे बघत होता.

"ताई, मला पण सांगितलं नाही दादाने? बाकीच्यांना नाही सांगितलं, ठीक आहे. मला?" आणि पुढे, "मी त्या दिवशी फुलीच्या तोंडापर्यंत आलो होतो. हाताने गाठ चाचपली. दादाचीच होती. मग वळलो."

मी घरी आले. वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून गळांच्या टोकांना कानस मारत होती. मी चप्पलही काढली नाही.

"सांगणार आहेस की नाही?"

कानस चालूच. "काय?"

"बगळे दाखवू नकोस मला आज."

तिने कानस खाली ठेवली. मला धीर नाही, पण त्या वेळी मी थांबले.

"मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, वन्सं?"

"मला पडतो. माझा भाऊ आहे तो. धाकट्याला पडतो. तो तिथे पडून रडतोय, पायासाठी नाही."

"आणि जिवंत माणसाने काय करायचं?" तिचा आवाज चढला, जो मी तोवर ऐकला नव्हता. "हे गेले, मी होडी काढली. तुम्ही तेव्हा ह्या घरात नव्हता. मी जिथे गळ टाकीन तिथे दहा मिनिटांत तीन होड्या. कशाला? तर वहिनींना मदत हवी का बघायला! मदत! माझ्या कोळंबीच्या अंगावर गळ टाकायचे. मी शोधायचं आणि त्यांनी न्यायचं. सहा महिने असे गेले. मग तो डोह सापडला. तो पण गेला असता."

"मग तुझी गाठ बांधायची होतीस. त्याची का?"

"माझी फुली कोणी मानली असती?" ती म्हणाली. "ह्या बाईला काय कळतं म्हणून पहिल्याच दिवशी बांबू घालून बघितला असता."

ते खरं होतं. पण खरं असून भागत नव्हतं. मी म्हटलं, "फोन आला तेव्हाही तू दारात होतीस."

तिने उठून गळांचा डबा फळीवर ठेवला, लाल फडकं घट्ट केलं आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिली. रात्री जेवली नाही. मी जेवले. उपाशी राहून मला विचार करता येत नाही.

सांगितलं तर काय होणार हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. डोह जाणार, तो गेलाच होता म्हणा. पण ज्याची खूण खोटी निघते त्याच्या शेजारी धक्क्यावर कोणी होडी बांधत नाही. तो हाका मारो, दोर फेको, कोणी वळत नाही. अशा एका माणसाला मी लहानपणी पाहिलं होतं. तो शेवटी गाव सोडून गेला. आणि गप्प राहिलं तर काहीच होणार नव्हतं. बिचारी वहिनी म्हणून लोकांनी तिला वर मासा आणून दिला असता.

अकरा दिवस ती गप्प राहिली. रोज होडीवर गेली, रोज परत आली. मी रोज विचारलं, "आज?" ती म्हणायची, "चहा निवतोय."

धाकटा घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीची बैठक होती. विषय एकच, थोरल्याच्या उरलेल्या खुणा काढायच्या का. सकाळची वेळ, पाणी उतरायची वाट बघत सगळे जमलेले. धाकटा कुबडी घेऊन आला आणि बर्फाच्या पेटीवर बसला. वहिनी दारात, नेहमीसारखी. मी टेबलाशी, बैठकीची वही घेऊन.

चेअरमन म्हणाले, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. गेलेल्या माणसाबद्दल..."

"फुली मी बांधली," वहिनी म्हणाली.

"हो, हो. दुरुस्ती तुम्हीच करत होता. तुमचा काय दोष?"

"दुरुस्ती नाही. पहिलीही मीच. ते गेल्यावर सहा महिन्यांनी, जुन्या काठ्या बदलताना. कोणी मोजल्या नाहीत. त्यांना तो डोह माहीतच नव्हता."

इंजिनवाला म्हणाला, "पण गाठ त्याची!"

"गाठ त्यांची. हात माझा."

मग मागून एकाने विचारलं, "पण का, वहिनी?"

"तुम्ही सगळे माझ्या मागे येत होता म्हणून."

"ते खरं आहे," एक म्हातारा म्हणाला. "मी यायचो." दोघेतिघे हसले, आणि मला वाटलं, निभावलं. तिलाही इथेच थांबता आलं असतं. मी वहीवर पेन आपटून तिला खुणावलंसुद्धा, की पुरे. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती धाकट्याकडे बघत होती.

"भाऊजी, तुमचा फोन आला तेव्हा मी इथे उभी होते. फुलीतून या म्हणून सांगता आलं असतं. नाही सांगितलं. वाटलं, लांबच्या फाट्यात पाणी पुरेल."

हसणं थांबलं. धाकट्याने कुबडी या हातातून त्या हातात घेतली.

"वारा जमिनीकडचा होता," तो म्हणाला. "सकाळपासून."

"होता."

"मग पाणी कसं पुरेल?"

"नाही पुरत."

"तुला कळलं नाही? तुला?"

"मी डोहाचा विचार करत होते," ती म्हणाली.

धाकटा उठला आणि खोलीतून निघून गेला. कुबडीचा आवाज धक्क्याच्या फळ्यांवर बराच वेळ येत राहिला. बाकीच्यांनी मग जे ठरवायचं ते ठरवलं. थोरल्याच्या खुणा राहतील, उपटलेल्या दोन परत लावायच्या. वहिनीने यापुढे कुठलीही खूण लावायची नाही. फुली काढायची, त्या फाट्यातून वाट कशी जाते ते तिने पुढे होडी घालून दाखवायचं आणि काठ्या दुसऱ्या कोणीतरी रोवायच्या. कोणी, असं चेअरमननी विचारलं. कोणी हात वर केला नाही. मी वहीत लिहिलं, नाव नंतर.

पुढचे दोन महिने तिची होडी धक्क्याच्या टोकाला एकटी बांधलेली असायची. दोन्हीकडच्या होड्या सरकल्या होत्या. बर्फवाला तिला बर्फ द्यायचा, पण पेटी जमिनीवर ठेवून मागे व्हायचा. इंजिनवालासुद्धा तिच्यापुढे मुका झाला, यावरून काय ते ओळखा. मी संतापून एकदोघांना सुनावलं, त्यांनी ऐकून घेतलं, मी बाई होते त्यांची शाळेत. बदल काही झाला नाही. वहिनीने तक्रार केली नाही. फक्त एकदा विचारलं, "भाऊजी चालतात का आता?" मी म्हटलं, "जाऊन बघ." ती गेली नाही.

फुली तशीच उभी होती. रोवणारा मिळत नव्हता.

मग एका सकाळी, ओहोटी साडेनऊची, वारा पडलेला, धाकटा आमच्या दारात आला. कुबडी नव्हती. खांद्यावर काठ्यांची मोळी. तो माझ्याशी बोलला.

"ताई, चल. पाण्याची खोली लिहून घ्यायला कोणीतरी हवं. तू माझ्या होडीत." आणि आत न बघता, जरा मोठ्याने, "पुढे कोण जातंय ते बघ."

वहिनी हात पुसत बाहेर आली.

तिची होडी पुढे, आमची मागे. फुलीशी ती थांबली, गाठ सोडली, काठ्या उपसून होडीत टाकल्या आणि फाट्यात शिरली. भर ओहोटी, दोन्ही बाजूंना छातीइतका चिखल उघडा पडलेला, खेकडे बिळांत पळतायत. मधोमध पाणी. ती बांबूने ढकलत जायची, वळण आलं की हात वर करायची, धाकटा तिथे काठी रोवायचा आणि त्याची ती उलटी गाठ मारायचा. मी बांबू घालून मोजायचे आणि लिहायचे. सात काठ्या झाल्या. तिघांत एक शब्द नाही. मला इतका वेळ गप्प बसायची सवय नाही, त्यामुळे मी दोनदा खाकरले.

शेवटच्या वळणानंतर गवत बाजूला झालं आणि डोह आला. दिसायला काही नाही, आमच्या दोन खोल्यांएवढं हिरवट पाणी. वहिनीने होडी कडेला लावली आणि पाठ करून बसली.

"किती?" धाकटा म्हणाला. मला वाटलं मला विचारतोय, मी बांबूकडे हात नेला. पण तो तिच्याकडे बघत होता.

"दोन पुरुष," ती म्हणाली. "ओहोटीला."

"आणि मासा कुठे बसतो?"

ती डोहाकडे बघत राहिली, मग हात वर केला.

"मध्ये नाही. मध्ये सगळे टाकतील. त्या पडलेल्या गवताच्या मुळाशी, सावली आहे तिथे. कोळंबी डोक्याकडून लावायची नाही, शेपटीकडून. आणि दोर सोडला की हात हलवायचा नाही."

धाकट्याने गळ काढला, कोळंबी शेपटीकडून लावली आणि सावलीत टाकला. आम्ही बसलो. डास होते. पाच मिनिटं गेली असतील.

"हात हलतोय," वहिनी म्हणाली.

"हात नाही हलत. तुझं तोंड हलतंय."

"भाऊजी, हलतोय. मी बघतेय ना इथून."

"ताई, हिला सांग, मासा घाबरतो म्हणून."

मी कोणाला काही सांगितलं नाही. वहीत लिहिलं, डोह, ओहोटीला दोन पुरुष, कालवं नाहीत. वर बघते तो त्याच्या बोटावरचा दोर ताठ झाला होता आणि वहिनी होडीत उभी राहून ओरडत होती, "सोडा, सोडा थोडा, ओढू नका, अहो भाऊजी, डावीकडे!"